हातउसने

टोलेडोत, दवाखान्याच्या तळघरातल्या धोबीखान्यात,
चादरी वाळायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात होतो फॉर्म भरून, डेल्फीन म्हणाली.
तिनं तिचा कालच भरला, घड्या घालता घालता.

नाव. व्हर्लीन टॅकेट.
किती वेळा घेतले?
मी अंगठ्यानं मागे मागे जात राहिले,
हिवाळा, त्याआधीचा उन्हाळा, गाडीचं सायलेन्सर पडलं तो आठवडा.
सत्तेचाळीस वेळा.
शंभर, साठ, एकदा नुसते पंचवीस.
त्या पंचवीसचं काय केलं ते आठवतं:
लायलचं क्लॅरिनेट दुरुस्तीच्या दुकानातून सोडवलं
आणि उरलेल्याचं पेट्रोल.

त्या ॲपवर एक खार आहे, गालात दाणे भरलेली.
कर्ज नाही हं, म्हणते. व्याज तर नाहीच.
आपलं शेजारधर्मातलं.
आत्ता हवेत तर पाच नव्याण्णव,
तीन दिवसांनी चालतील तर फुकट.
तीन दिवसांनी पैसे कुणाला हवे असतात?
आणि शेवटी, अगदी हळू: खुशीनं काय द्याल?
नऊ डॉलर आधीच लिहून ठेवलेले.
शून्यावर सरकवलं की खारीच्या डोळ्यांत
दोन निळे थेंब येतात.
मी दोनदा सरकवून पाहिलं. दोन्ही वेळा परत नऊवर आणलं.

याला हसू नका.
केंटकीतल्या खाणवस्तीत आई मला पीठ मागायला धाडायची,
कुंपणापलीकडे, मिसेस हॅग्युडकडे.
परत द्यायची वेळ आली की वाटी शिगोशीग भरायची,
वर बोटानं दाबून आणखी चिमूटभर.
सपाट वाटी नेऊ नये, म्हणायची,
सपाट वाटीनं घराचं नाव जातं.
हे त्या खारीला कोणी सांगितलं असेल?

*संभाव्य वर्गाच्या सदस्य होऊ इच्छिता का?*
वकीलबाई फोनवर नीट बोलल्या, घाई केली नाही.
संभाव्य का, तर मी 'मान्य' दाबलं तेव्हा
कोर्टात जाणार नाही हेही मान्य केलं होतं,
एकोणिसाव्या पानावर.
मी म्हटलं, मला वाटलं पान एकच आहे.
त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच वाटलं.

वर्गात मी शेवटची बसले ती सोळाव्या वर्षी,
मिस्टर ऑगल्ट्रीच्या गणिताला. लायल पोटात होता.
फळ्यावर दर साल दर शेकडा.
आज पहिल्यांदा करून पाहिलं, चादरीच्या पावतीमागे:
शंभरावर चौदा नव्याण्णव, चार दिवसांसाठी.
तेराशे अडुसष्ट टक्के.
पुन्हा केलं. हातचा चुकला नव्हता.

*तुमचे काय नुकसान झाले? पाचशे अक्षरांत सांगा.*
लिहिलं: दर शुक्रवारी पगार यायच्या आधीच जायचा.
पुसलं.
लिहिलं: एका चित्रातल्या जनावराला वाईट वाटू नये म्हणून
लायलच्या वाटणीचं दूध.
पुसलं, कारण दूध मी कधी कमी केलं नाही,
माझं जेवण केलं. ते नुकसानीत धरतात का ठाऊक नाही.
शेवटी लिहिलं:
मी वाटी दर वेळी भरून परत केली.
हे कुणाला कळेल असं वाटत नाही, तरी राहू दिलं.

डेल्फीनचा नवरा म्हणतो, जिंकलात तरी
अकरा डॉलरचा चेक येईल, तोही दोन वर्षांनी.
येऊ दे. अकरा तर अकरा.
त्यातलं खुशीनं कुणाला काही द्यायचं नाही.

ड्रायरची घंटा वाजली. मी 'पाठवा' दाबलं.
मोठी चादर एकटीनं नाही घडी होत,
डेल्फीननं पलीकडची टोकं धरली,
गरम, पांढरी, कुणाच्या तरी आजाराची.

फोन खिशात थरथरला:
*शुक्रवार लांब आहे ना, व्हर्लीन?*
आज मंगळवार. खात्यात चौदा डॉलर.
ॲप अजून काढून टाकलं नाहीये.
बघू, गुरुवारपर्यंत.